तो तिथं नव्हताच

खुनाच्या केसमध्ये आरोपी वकिलाकडे येत नाही, तो कोठडीत असतो. येतो तो मामा. मामा नसला तर थोरला मेहुणा, सोबत गावचा एखादा माजी सरपंच. मागे दाराशी आई उभी असते, डोक्यावर पदर, खुर्ची पुढे केली तरी बसत नाही. मामा सगळी हकीकत सांगतो, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, आपला पोरगा तिथं नव्हताच."

मला वकिलीला चोवीस वर्षं झाली. मुक्काम अमळनेर सेशन कोर्ट, अधूनमधून जळगाव, भुसावळ. हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं याचा हिशेब नाही. कधी ते खरंही निघतं. ज्या केसबद्दल आज लिहितेय तिथं ते खोटं होतं. मला ते खरं वाटलं होतं असंही नाही, खोटं वाटलं होतं असंही नाही. मी ते तपासलंच नाही. हातात आलं तसं वापरलं.

(ज्याची ही केस आहे त्याला विचारून लिहितेय. गाव आणि नात्यागोत्याचे तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत. केस संपली तरी अशिलानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बोलायचं नसतं, हे नवीन मुलांना सांगायला लागतं म्हणून मुद्दाम लिहिलं.)

२०१० चा जून. मृग लागून आठवडा झाला होता. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, दोन चुलतभाऊ, मध्ये बांध. शहरात राहणाऱ्यांना बांध म्हणजे काय ते सांगून कळत नाही. आजोबाच्या वेळी त्यावरून बैलगाडी जायची म्हणतात. मग वाटणी झाली, आणि दर वर्षी नांगर फिरवताना कोणीतरी एक तास आत घेतं. एक तास म्हणजे नांगराची एक ओळ, वीतभर जमीन. दहा-बारा वर्षांत बांधाची पायवाट होते, मग पायवाटेची रेघ. सरकारी मोजणीचा अर्ज टाकलेला असतो, मोजणीची तारीख येत नाही, पाऊस मात्र येतो. आमच्या कोर्टातल्या निम्म्या मारामाऱ्या पेरणीच्या तोंडावरच्या असतात. हा माझा आपला अंदाज, आकडेवारी नाही.

त्या संध्याकाळी माझा अशील पावडं घेऊन बांधाची माती ओढत होता. चुलतभाऊ आला, हातात काठी. शिवीगाळ, झोंबाझोंबी, आणि पावड्याचा एक तडाखा डोक्यात. एकच. चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. आधी ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागलेलं, त्याचं ३०२, म्हणजे खून, झालं. माझा अशील त्या रात्रीच अमळनेरला येऊन सुरतच्या गाडीत बसला होता. आमच्याकडे माणूस पळाला की सुरतेलाच पळतो. उधन्याला बहीण असते, नवागामला मावशी असते. दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला मेहुण्याच्या खोलीतून उचललं.

तेव्हा मी पस्तिशीची. माझे सीनिअर वर्षभरापूर्वी वारले होते आणि खुनाची संपूर्ण केस एकटीनं चालवायची ही पहिलीच वेळ. बाईमाणूस खुनाची केस काय चालवणार, असं मामाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण मोठ्या वकिलांची फी त्याला झेपणारी नव्हती. दोन म्हशी विकल्या, बाकी कापूस विकल्यावर देऊ म्हणाला. दिलीसुद्धा. आई दाराशीच होती. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तीही तेच म्हणाली, "ताई, मना पोऱ्या तठे व्हताच नही. तो सुरतले व्हता."

मामानं बचाव तयार करूनच आणला होता. पोरगा सुरतला होता हे खरंच होतं, फक्त एक दिवस अलीकडे सरकवायचं. घटना शनिवारी संध्याकाळची. तो सुरतला पोचला रविवारी सकाळी. सांगायचं, शनिवारी सकाळीच पोचला. मेहुणा साक्ष देईल. जनरलच्या तिकिटावर नाव नसतं, त्यामुळे तिकिटाचा प्रश्नच नाही. हे सगळं मामानं इतक्या उघड शब्दांत सांगितलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. त्यानं सांगितलं, "शनिवारी सकाळीच पोचला तो." मला नीट ऐकायचं असतं तर त्याच्या आवाजातच कळलं असतं.

जळगावचं कारागृह भरलेलं होतं म्हणून पोराला धुळ्याला ठेवलं होतं. एका सोमवारी मी भेटायला गेले. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी समोर बसून ती लिहून घेतली. अमळनेरात शिकलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं, कारण गुरुजी आमच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर. मी तिथं गेले की मला दर वेळी आठवतं. त्या दिवशीही आठवलं होतं, आणि तरी मी काय केलं ते सांगते.

तो जाळीपलीकडे आला. चोवीस-पंचवीसचा, काटकुळा, दाढी वाढलेली. खाली बघत म्हणाला, "ताई, त्या दिनले काय व्हयनं..."

मी हात वर केला. म्हटलं, "थांब. मला काही सांगू नको."

हे मला सीनिअरनी शिकवलं होतं. अशिलाला कधीही विचारायचं नाही की तू मारलंस का. त्यानं हो म्हटलं की तुझे हात बांधले गेले. मग तो तिथं नव्हता असा साक्षीदार तुला पिंजऱ्यात उभा करता येत नाही, कारण खोटा पुरावा जाणूनबुजून देणं हा वकिलाचाही गुन्हा. न विचारलेलं बरं. कागद वाच, सरकार पक्षाच्या पुराव्यात भोकं शोध, बस्स. कागद वाच यात काही चूक नाही, आजही नाही. पण न विचारण्याचा जो भाग आहे त्यात सोय वकिलाची असते, हे मला तेव्हा दिसलं नाही. त्या पोराला माझ्यापासून लपवायचं काहीच नव्हतं. लपवायचं होतं ते मामाला, आणि मामाची बाजू मी घेतली.

तो गप्प बसला. पुन्हा कधी बोलला नाही. ३१३ च्या जबाबात, म्हणजे सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर कोर्ट आरोपीला विचारतं तेव्हा, सगळ्या प्रश्नांना 'खोटं आहे' आणि शेवटी 'मी सुरतला होतो'. मी पढवल्याप्रमाणं.

आता इथं थोडा कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ३०२ चं १०३ झालं, ३०४ चं १०५ झालं. कोर्टाबाहेरचा चहावाला अजून तीनशे दोनच म्हणतो आणि मीही म्हणते. आकडे बदलले, आतला गाभा तोच आहे. माणूस मारला गेला म्हणजे खून झालाच असं कायदा म्हणत नाही. खुनाच्या व्याख्येला पाच अपवाद आहेत. चौथा अपवाद आमच्या बांधांसाठीच लिहिल्यासारखा आहे : आधी ठरवलेलं नसावं, अचानक भांडण जुंपलेलं असावं, रागाच्या भरात झालेलं असावं, आणि मारणाऱ्यानं समोरच्याचा गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणा केलेला नसावा. भांडण कुणी उकरून काढलं किंवा पहिला हात कुणी उचलला याला या अपवादात महत्त्व नाही, हे कलमातच लिहिलंय. हे बसलं की खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, म्हणजे ३०४. ३०२ ला जन्मठेप किंवा फाशी, याखाली शिक्षाच नाही. आणि ३०४ च्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा वर्षं. कमीत कमी किती, ते न्यायाधीशावर.

म्हणजे बांधावरच्या भांडणात 'होता, पण' आणि 'नव्हताच' या दोन बचावांमध्ये माणसाचं आख्खं तारुण्य असतं. आणि हे दोन्ही बचाव एकाच वेळी तोंडानं बोलता येत नाहीत. तो तिथं नव्हता, आणि होता तर त्याला आधी मार बसला, असं न्यायाधीशासमोर म्हणून बघा.

गावाला मात्र 'नव्हताच' हवं असतं. त्याला कारणं आहेत, मी त्यांना हसत नाही. 'होता' म्हटलं की भावकीत कबुली दिल्यासारखं होतं. उद्या सोयरीक जमवायची असते. मयताची बायको त्याच गल्लीत राहते, पाणी एकाच हापशावर भरतात. 'नव्हताच' म्हटलं की सगळ्यांना सगळं ठाऊक असूनही मान वर ठेवता येते.

केस उभी राहिली. दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार : मयताची बायको आणि त्याचा सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. हा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नवा लागलेला, म्हणजे घटनेला महिनाही झाला नव्हता. त्याच्या पोलीस जबाबात एक ओळ होती. मला ती आता झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल : 'दोघांची झोंबाझोंबी झाली व त्यात काठी खाली पडली.' काठी. मयताच्या हातातली. पण घटनास्थळाच्या पंचनाम्यात काठीचा उल्लेखच नव्हता. पावडं जप्त झालं, रक्त तपासायला गेलं, अहवाल आला. काठी कुठं गेली हे तपास अधिकाऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं काम माझं होतं.

मी सालदाराला पाऊण तास उलटतपासणीत घेतलं. तू मालकाचं खातोस ना? साल किती ठरलंय? उचल किती घेतलीस? शेत तू होतास तिथून किती लांब? मध्ये केळीचा बाग आहे की नाही? केळीच्या पानांतून दिसतं का? मला वाटत होतं मी चांगली घेतेय. मागच्या बाकावरच्या ज्युनिअरांनीही नंतर तसं सांगितलं. पण त्याला काठीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. कशी विचारणार? माझा माणूस तर सुरतला होता. जो तिथं नव्हता त्याच्या वकिलाला पहिली काठी कुणी मारली याच्याशी काय कर्तव्य?

डॉक्टरांच्या साक्षीतही तेच. कवटीला एक फ्रॅक्चर, जखम एक. 'एकच वार झालेला दिसतो हे बरोबर?' एवढा प्रश्न टाकला असता तर ते हो म्हणाले असते, कारण शवविच्छेदनाच्या कागदावर तेच होतं. मी त्यांना मृत्यूच्या वेळेवरून छळलं.

आणि मग बचावाचा साक्षीदार. सुरतचा मेहुणा. नवा शर्ट, चपला बाहेर काढून आला होता, पट्टेवाल्यानं सांगितलं तेव्हा पुन्हा घालून आला. सरतपासणी, म्हणजे माझे प्रश्न, नीट झाली. शनिवारी सकाळी आला, दोन दिवस घरीच होता, जेवला, झोपला, टीव्ही बघितला. सरकारी वकील म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांच्या हातात फाइलही नव्हती. उठले.

"पाहुणे तुमच्याकडे आले तेव्हा तब्येत कशी होती?"

"चांगली होती साहेब."

"आजारी वगैरे?"

"नाही साहेब. ठणठणीत होता."

"अंगावर कुठं काही लागलेलं?"

"काही नाही."

"दोन दिवसांत घरात पडला? जिन्यावरून घसरला? कुणाशी भांडण?"

"नाही साहेब, घरातच होता. माझ्यासमोर."

"बसा," म्हणाले, आणि स्वतःही बसले.

मला त्या क्षणी काही कळलं नाही. खरंच नाही. मी मनात म्हटलं, बरा गेला साक्षीदार. त्यांनी युक्तिवादाच्या दिवशी अटक पंचनामा उघडला, निशाणी ४१ (कोर्टात दाखल कागदाचा क्रमांक), आणि एक ओळ वाचली. आरोपीच्या अंगावरील जखमा : डोक्याच्या मागील बाजूस अंदाजे चार सेंटिमीटरची फाटलेली जखम, जखमेवर वाळलेले रक्त व हळद. डाव्या हातावर कोपराखाली काळानिळा वळ.

अटक करताना आरोपीच्या अंगावरच्या जखमा नोंदवायच्या, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या १९९६ च्या निकालानं सक्तीची केली. ती आहे आरोपीला पोलिसांच्या मारापासून वाचवायला. इथं तिचाच दोर करून त्यांनी माझ्या माणसाच्या गळ्यात टाकला. सुरतला दोन दिवस ठणठणीत असलेल्या माणसाच्या डोक्यात जुनी, हळद भरलेली जखम कुठून आली? मेहुणा खोटं बोलतोय, सुरतची गोष्ट खोटी आहे, आणि खोटा बचाव ही साखळीतली आणखी एक कडी. दहा मिनिटांत संपलं.

तो कागद माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. दोषारोपपत्राच्या नकला मिळतात त्यात. मी तो वाचलाही होता, शेजारी पेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण आहे माझी. वाचला आणि पुढं गेले, कारण 'नव्हताच' या बचावात त्या जखमेचा काही उपयोग नव्हता. कोपराखालचा वळ. माणूस डोक्यावर येणारी काठी अडवायला हात वर करतो तेव्हा वळ तिथंच उठतो. हे मला आज दिसतं.

२०१२ मध्ये निकाल लागला. जन्मठेप. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की स्वसंरक्षणाचा किंवा अचानक झालेल्या भांडणाचा बचाव आरोपीनं घेतलेलाच नाही. बरोबर लिहिलं.

कोर्टाच्या आवारात निंबाखाली आई बसली होती. आता मात्र बसली होती. मी तिच्याजवळ गेले, काय बोलावं सुचत नव्हतं. तीच म्हणाली, "त्याना डोकामा मीच हयद भरी व्हती, ताई. दिवा लाईसन."

दोन वर्षं ही बाई दर तारखेला चोपड्याहून एसटीनं यायची. माझ्या ऑफिसच्या दाराशी उभी राहायची. तिच्या हाताला ती जखम माहीत होती, लांबीरुंदीसकट. मामा बोलायचा म्हणून मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

अपील औरंगाबाद खंडपीठात गेलं. खान्देशची अपिलं तिकडेच जातात. ते मी नाही चालवलं, तिथल्या एका वकिलांनी चालवलं. सात वर्षांनी अपील बोर्डावर आलं तेव्हा त्यांचा मला एक फोन आला. आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. "मॅडम, निशाणी एक्केचाळीस तुम्ही पाहिली होती का?"

पाहिली होती म्हटलं.

त्यांनी काय केलं ते नंतर निकालात वाचलं. तीच ओळ, तीच हळद. आरोपीनं बचाव घेतला नसला तरी सरकार पक्षाच्याच पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टानं तो पाहिला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं मुन्शी रामच्या खटल्यात सांगितलंय. आणि आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षानं केला नाही तर घटना कशी घडली ते सरकार पक्ष लपवतोय असं समजता येतं, हे १९७६ च्या लक्ष्मी सिंगमध्ये. आमच्या सरकारी वकिलांनी ती जखम मेहुण्याला खोटं पाडायला वापरली होती. म्हणजे ती जखम घटनेतच झाली हे सरकार पक्षानंच सिद्ध करून ठेवलं होतं. सालदाराच्या तोंडची झोंबाझोंबी होती, डॉक्टरांचा एकच वार होता, पावडं कामाचं म्हणून हातात होतं, मारायला घरून आणलेलं नव्हतं. ३०२ चं ३०४ भाग दोन झालं, शिक्षा भोगली तेवढी. तारीख एप्रिल २०१९ ची. आत जाऊन आठ वर्षं दहा महिने झाले होते. गेला तेव्हा मुलगी वर्षाची होती.

'नव्हताच' न म्हणता सुरुवातीपासून सरळ चालवली असती तर किती शिक्षा झाली असती? मी हा हिशेब खूप वेळा केला, उत्तर येत नाही. पाच, सात, कदाचित दहाही. न्यायाधीश कोण यावर असतं. पण 'सांगता येत नाही' हे उत्तर मला त्याच्या तोंडावर देण्याइतकं सोपं कधी वाटलं नाही.

त्याच वर्षी, महिनाभर आधी, ५ मार्च २०१९ ला, सर्वोच्च न्यायालयानं नाशिकच्या एका जुन्या खटल्यात सहा जणांना निर्दोष सोडलं. भटक्या समाजातली मजुरी करणारी माणसं. २००३ च्या जूनमधलं एका कुटुंबावरच्या दरोड्याचं आणि खुनांचं प्रकरण. सेशननं फाशी दिली, हायकोर्टानं तिघांची ठेवली, सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सहाही जणांची फाशी केली. आणि दहा वर्षांनी त्याच न्यायालयाला पुनर्विचारात दिसलं की वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंच्या फाइलमधून चार माणसं ओळखली होती, ती ही सहा नव्हेत, दुसरीच. तो कागद रेकॉर्डवर होता. तीन कोर्टांतून फिरला. प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सांगितली राज्याला. सोळा वर्षं आत होते. मी तो निकाल बार रूममध्ये वाचला आणि आधी माझी निशाणी ४१ आठवली. खरं तर तुलना करू नये. ती माणसं निर्दोष होती, माझा माणूस नव्हता. पण कागद दोन्हीकडे फाइलमध्येच होता.

'खुन्यांची बाजू कशी घेता' हा प्रश्न मला लग्नाकार्यात विचारतात. बार कौन्सिलच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्यानं बचाव करायचा. तो नियम मी सांगते आणि जिलबी वाढायला सांगते. त्या प्रश्नानं मला त्रास होत नाही. मला त्रास होतो तो जाळीपलीकडे तोंड उघडलेल्या पोराला मी हात वर करून गप्प केलं त्याचा. आणि हे कुणी विचारत नाही, कारण बाहेरच्या कुणाला हे माहीत नसतं.

आता मी विचारते. सगळं विचारते, आणि मामाला बाहेर बसवून विचारते. अशिलानं 'मारलं' म्हटलं तर माझे हात बांधले जातात, हे सीनिअरचं म्हणणं खरंच आहे. मग सुरतचा मेहुणा मला उभा करता येत नाही. नाही करत. सरकार पक्षाला सिद्ध करू दे, माझी उलटतपासणी मोकळीच असते. पण कुठल्या दिशेनं घ्यायची ते मला कळलेलं असतं. दोन-तीन केसेस यामुळे हातच्या गेल्या. मामा उठून दुसऱ्या वकिलाकडे गेला, जिथं असले प्रश्न विचारत नाहीत. जाऊ दे.

सुटल्यावर तो एकदा आला होता, थंडीत. बामणोदची भरताची वांगी घेऊन, पिशवीभर. पाया पडायला वाकला, मी नको नको म्हणेपर्यंत. वाकला तेव्हा डोक्याच्या मागे केसांत एक रेघ दिसली, तिथं केस उगवलेले नव्हते. चारच सेंटिमीटर असेल. मी विचारलं, बांधाचं काय? म्हणाला, मोजणी झाली. बांध होता तिथंच निघाला. वहिनीचं, म्हणजे मयताच्या बायकोचं, शेत आता तोच निम्म्यानं करतो. कसं जमलं म्हटलं, तर हसला फक्त. ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा एक केस आली. आता १०३ ची. मामा, सरपंच, आई. मामाचं वाक्य ऐकलं, चहा दिला, त्यांना बाहेर बसवलं आणि आईकडून तासभर सगळं लिहून घेतलं. परवा जळगावच्या कारागृहात जाऊन पोराला भेटले. वही काढली, म्हटलं, सुरुवातीपासून सांग, घाई करू नको.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी तिथं नव्हतोच."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्याला शर्ट काढून पाठ फिरवायला सांगितलं.